पत्र्यावरचा नवस

प्लातेरोस गावात निन्योच्या देवळाकडे चढणाऱ्या गल्लीत सकाळी सगळ्यात आधी चोनाची चूल पेटते. मग मेणबत्तीवाले फळ्या मांडतात, बूटवाले दोरीला इवलेइवले जोड टांगतात, आणि ऊन देवळाच्या पायरीला लागलं की एवोदिओ मामाच्या दुकानाचं शटर कुरकुरत वर जातं. अलीकडे ते ढकलायला त्याची भाची यारेली असायची. मामाच्या हातात आता तेवढा जोर राहिला नव्हता.

ते छोटे बूट कशाला, हे तिथे कुणी कुणाला विचारत नाही. देवळातला निन्यो, म्हणजे बाळ येशू, अंधार पडला की आसनावरून उतरतो, अडल्यानडल्याच्या दारी जातो आणि उजाडायच्या आत परत येऊन बसतो. चालून चालून बुटांचे तळवे झिजतात, म्हणून लोक नवे आणून ठेवतात. यारेलीच्या आईनेही आणले होते, दोन्ही पोरांच्या वेळी. यारेलीला हे सगळं गोड वाटायचं, खरं वाटायचं नाही. ती आईची लाडकी असली तरी भाबडी नव्हती.

मामाचा धंदा नवसाच्या पाट्यांचा. कुणी विहिरीत पडून वाचला, कुणाचं पोर तापातून उठलं, की तो माणूस मामाकडे यायचा, घडलं ते सांगायचा, आणि मामा ते पत्र्याच्या तुकड्यावर रंगवून द्यायचा. वर ढगात निन्यो, मध्ये संकट, कोपऱ्यात गुडघे टेकलेला नवसकरी, खाली आभाराचे दोन शब्द. मग ती पाटी देवळामागच्या खोलीत भिंतीवर चढायची. मामाचा नियम एकच, आणि तो गिऱ्हाइकाला आधी ऐकवायचा: घडलं असेल तेवढंच सांगा. पत्र्यावर खोटं चढवायचं नसतं.

मामाचे हात थरथरायला लागले तसं दुकान बसायला आलं. तेव्हा यारेली जवळच्या फ्रेस्नियो शहरातल्या इन्स्टिट्यूटमध्ये टॅबलेटवर चित्रं काढायला शिकत होती. तिच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की जगातली कुठलीही वस्तू गोल, चौकोन आणि त्रिकोण एवढ्यात बसते, बाकी सगळा दिखावा. तिला ते फार पटलं. प्रत्येक वस्तू वेगळ्या थरावर काढायची, काचेवर काच ठेवावी तशी. हवा तो थर झाकायचा, नको तो पुसायचा. आणि एक आकृती नीट बसली की तिच्या नकला करायच्या. मूळ आकृतीचा रंग बदलला की सगळ्या नकलांचा रंग आपोआप बदलतो. मामाच्या दुकानातल्या पाट्याही ती तशाच करायला लागली; तयार चित्र पत्र्यावर छापून घ्यायची.

सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. माणसांना नाक-डोळे काही नाहीत, नुसता गोल. समोरची चोना तव्यावर गोर्दिता, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, उलटताना म्हणायची, ‘‘तुझी माणसं माझ्या गोर्दितांसारखीच गं, वाटोळी आणि बिनतोंडाची. पण माझ्या खाता तरी येतात.’’ हळूहळू मात्र गिऱ्हाइकांना ती साधी, स्वच्छ चित्रं आवडायला लागली. बिनचेहऱ्याच्या माणसात जो तो आपला चेहरा बघायचा.

एक गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिच्या सगळ्या पाट्यांमधला पडलेला माणूस एकच होता. पिवळी टोपी, निळा सदरा, एक हात डोक्यावर गेलेला, आणि डाव्या बुटाच्या टाचेला एवढीशी त्रिकोणी खाच. तो तिचा भाऊ होता, तेलो. शिकताना तिनं पहिली आकृती त्याची काढली. मग परांचीवरून पडलेला गवंडी तेलो झाला, बैलानं उडवलेला गुराखी तेलो झाला, पुरात वाहून गेलेला शेतकरीही तेलोच. प्रत्येक पाटीत तो पडायचा आणि प्रत्येक पाटीत वाचायचा. तिचं तेवढंच समाधान.

खरा तेलो वाचला नव्हता. दोन वर्षांमागे, जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाला, खाणीतली पाळी संपवून तो धुक्यात सायकलवरून घरी येत होता. मागच्या कॅरिअरला सणाची रोस्का बांधलेली. रोस्का म्हणजे कड्यासारखा मोठा गोड पाव, वर लाल-हिरव्या फळांचे तुकडे. निवडुंगाच्या वळणावर कुणीतरी त्याला उडवलं आणि न थांबता निघून गेलं. डॉक्टर म्हणाले, बराच वेळ जीव होता. कुणी उचलून आणलं असतं तर पोरगा हाती लागला असता. हे एक वाक्य त्यांनी आईला सांगायला नको होतं. तेव्हापासून आई रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचं तोंड निरखून बघायची. दिवा फुटलेला दिसला, पत्रा चेपलेला दिसला, की हातातलं काम टाकून गाडीमागे चार पावलं धावायची. गल्लीतल्यांनी हसणंही सोडून दिलं होतं. यारेलीला एवढंच हवं होतं की तो माणूस सापडावा आणि आईच्या दारात येऊन उभा राहावा.

मामा आठवडाभर हाताच्या डॉक्टरकडे साकातेकासला गेला होता, तेव्हा सेवेरो दुकानात आला. फ्रेस्नियोत राजम्याचं मोठं गोदाम असलेला, सगळे त्याला मालक म्हणायचे. मामाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी यानंच हातात धरलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांचे कॉम्पाद्रे. तिकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वर. यारेलीनं नाव ऐकलं होतं, माणूस कधी पाहिला नव्हता. आधी ती दुकानात नसायची, आणि गेल्या दोन वर्षांत तो या गल्लीत फिरकलाच नव्हता.

‘‘कॉम्पाद्रे नाहीत? बरंच झालं,’’ तो म्हणाला. ‘‘आणि तू कोण पोरी?’’

‘‘इन्स्टिट्यूटमधली. इथे काम शिकते.’’ अनोळखी माणसाला ती हेच सांगायची. भाची म्हटलं की तेलोचा विषय निघायचा.

त्याला बरं वाटलेलं दिसलं. स्टूल ओढून तो बसला. एक नवस फेडायचा राहिलाय म्हणाला, आणि तो राहिल्यापासून गोदामात कीड काय लागली, गुडघे काय धरले, बायको रोज डोकं खाते. कॉम्पाद्रेला तेव्हाच सांगितलं होतं पाटी कर म्हणून, तर त्यानं कानावर हात ठेवले. मग त्यानं हकिकत सांगितली. पाठ केल्यासारखी सांगितली. तीन राजांचा दिवस, दोन वर्षांमागचा. पहाटेचं दाट धुकं. निवडुंगाच्या वळणावर एकाएकी गाय आडवी आली. गाडीचं तोंड चेपलं, काच फुटली, आणि त्याला साधा ओरखडा नाही.

यारेलीचा पेन स्क्रीनवर होता तिथेच राहिला. त्या दिवशी त्या वळणावर गाय नव्हती. दुपारपर्यंत सगळं गाव तिथे उभं होतं. मेलेली गाय कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

‘‘गाईचं काय झालं?’’ तिनं विचारलं.

‘‘गाईचं काय व्हायचंय? मेली असेल.’’

हाच तो, असं तिला वाटलं. पण पुरावा काय? एक दिवस, एक वळण आणि तिच्या आईसारखंच तिचंही फिरलेलं डोकं. तिनं त्याच्यासमोर चित्र मांडलं. राखाडी चौकोन म्हणजे गाडी, तपकिरी लंबगोल म्हणजे गाय, हिरवे गोल म्हणजे निवडुंग, वर टोपीतला निन्यो, कोपऱ्यात गुडघे टेकलेला मालक. त्यानं मान डोलावली. छान आहे म्हणाला, चेहरा नाही हे तर फारच छान.

दुसऱ्या दिवशी तिनं चित्र उघडलं तर रस्त्यावर एक कडं पडलेलं होतं. पिवळट रंगाचं, वर लाल-हिरवे ठिपके.

हातून चुकून काहीतरी ओढलं गेलं असेल, असं म्हणून तिनं ते पुसलं. ते गेलं. मग तिनं फाइल बंद करून पुन्हा उघडली तर ते होतंच, थोडं अलीकडे. तिनं एकेक थर झाकत नेला. गाडी गेली, गाय गेली, निवडुंग गेले, आभाळ गेलं. सगळे थर झाकले तरी कोऱ्या पांढऱ्यावर ते कडं तेवढं राहिलं. ते कुठल्याच थरावर नव्हतं. तिनं टॅबलेट बाईंना नेऊन दाखवला. बाई म्हणाल्या, नकलांचा गुंता झालाय, मूळ आकृतीत काहीतरी बदललं असशील, नव्यानं काढ. तिनं नव्यानं काढलं. छापून पत्रा हातात आला तेव्हा कडं रस्त्याच्या मधोमध होतं.

सेवेरो पाटी न्यायला आला. खुशीत होता, चोनाकडून गोर्दिता खात खातच आत शिरला. पाटी उजेडात धरली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

‘‘पावाचं कुणी सांगितलं तुला?’’

‘‘कुठला पाव?’’

 त्यानं तोंडातला घास गिळला. मग हसायचा प्रयत्न करत म्हणाला, हे आपलं वेटोळं, पावासारखं दिसतंय एवढंच, पुसून टाक, चित्र बिघडतंय. पाटी तिथेच टाकून तो निघून गेला. जाताना दाराच्या चौकटीला त्याचा खांदा आपटला.

रोस्काचा फुटका डबा रस्त्याकडेच्या चरात सापडला होता. पोलिसांनी तो आईच्या हातात दिला आणि आईनं तो शालीखालून घरी आणून परसात पुरला. ही गोष्ट पोलीस आणि घरातल्या माणसांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती. ते, आणि ज्याच्या गाडीच्या काचेवर ती रोस्का आदळली तो.

त्याच संध्याकाळी मामा साकातेकासहून परतला. यारेलीनं पाटी त्याच्यासमोर ठेवली आणि कुणी करायला सांगितली तेवढं नाव घेतलं. मामानं कॉफीचा कप खाली ठेवला आणि पाटी पालथी केली.

‘‘देऊन टाक त्याला पाटी,’’ तो म्हणाला. ‘‘विषय संपव.’’

‘‘मामा, तुम्हाला माहीत होतं.’’

मामानं खाली बघितलं. मग हळूहळू बाहेर पडलं. सणाच्याच दिवशी दुपारी सेवेरो त्याच्याकडे आला होता, चेपलेली गाडी कुठे लपवू म्हणून विचारायला. मामाच्या अंगणात, वीटभट्टीच्या जुन्या भिंतीआड, ती गाडी पंधरवडा ताडपत्रीखाली उभी होती. पाटीला मात्र मामानं नकार दिला होता. तेवढं पाप माथी नको म्हणे.

‘‘कॉम्पाद्रे आहे माझा,’’ मामा म्हणाला. ‘‘त्याला कसा धरून देऊ? तेलो तर गेलाच होता.’’

‘‘आणि आईच्या हातचं जेवायला दर रविवारी येत होता तुम्ही.’’

 यारेलीला त्याचा इतका राग आला की रडूही फुटेना. आई गाड्यांमागे धावायची तेव्हा हाच माणूस तिला हाताला धरून परत आणायचा. ताई, जाऊ दे म्हणायचा.

पोलिसांकडे जाऊन ती सांगणार काय होती? की चित्रात पाव उगवला? मामा साक्षीला उभा राहणार नाही, हे त्यानं न विचारताच सांगून टाकलं. आईला सांगितलं असतं तर आई मुसळ घेऊन गोदामावर गेली असती, आणि तुरुंगात आईच गेली असती. म्हणून तिनं तोंड मिटलं आणि सेवेरोनं सांगितलं होतं तेच केलं. कडं पुसलं.

कडं गेलं. सोबत गायही गेली. गाईच्या जागी पिवळ्या टोपीचा माणूस पडलेला होता, एक हात डोक्यावर, डाव्या टाचेला खाच.

तिनं तो ठेवलेला नव्हता. तिला भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त काहीतरी आतून वर आलं. तिनं तो तसाच पत्र्यावर छापून आणला.

सेवेरोनं पाटी बघितली. या वेळी तो ओरडला नाही. आवाज अगदी लहान करून म्हणाला, ‘‘कोण आहेस तू?’’

‘‘तेलोची बहीण.’’

बाहेर बूटवाला कुणाशी तरी घासाघीस करत होता. सेवेरो स्टुलावर बसला. यारेलीनं त्याला सरळ सांगितलं. ते तिनं मनात घोळवून ठेवलं होतं, त्यामुळे शब्द अडले नाहीत.

‘‘आईसमोर चला. दारात उभे राहा आणि झालं ते सांगा. मग मी खरं घडलं तसं चित्र काढते. तसं काढलं तर हा चित्रातला तेलो जागचा हलणार नाही, असं मला वाटतं.’’

‘‘आणि नाही आलो तर?’’

‘‘तर तुम्ही सांगाल तसं करते. गिऱ्हाईक आहात.’’

त्यानं पाटी पुन्हा उजेडात धरली आणि खाली ठेवली. त्या क्षणी तो आईसमोर यायला तयार झाला असता तर? यारेलीनं पुढे कितीदा तरी स्वतःला हे विचारलं. बहुधा तिनंही ते बघून सगळं सोडून दिलं असतं. पण सेवेरो उठला, पँट झटकली, आणि गोदामाच्या हमालाशी बोलावं तसं म्हणाला, ‘‘पूस त्याला.’’

तिनं टॅबलेटवर त्याच्यासमोरच पुसला. पडलेला माणूस गेला आणि रस्त्यावर उभा राहिलेला माणूस आला. तीच टोपी, तोच सदरा. डोक्यावरचा हात आता खाली आला होता.

‘‘पूस.’’

तिनं पुसला. तो गाडीच्या अलीकडे आला. गुडघे टेकलेल्या मालकाच्या आणि त्याच्या मध्ये दोन निवडुंग राहिले. आता यारेलीला खेळ कळला होता. पुसलं की तो जवळ येतो. सेवेरोलाही कळायला हवा होता. पण ज्यानं सगळा जन्म नको ते पुसून काढलं, त्याला दुसरं काही सुचत नसावं. मामा आतल्या दारात उभा होता. 

‘‘पूस म्हणतो ना.’’

तिनं बोट टेकवलं. तिचा हात अगदी स्थिर होता. इतक्या शांतपणे तिनं आयुष्यात कुठलंच काम केलं नव्हतं.

तो मालकाच्या मागे आला. दोघांच्या सावल्यांचे चौकोन एक झाले.

‘‘शेवटचं विचारते, मालक. येता?’’

‘‘पूस.’’

तिनं पुसला.

चित्र मोकळं झालं. गाडी, रस्ता, निवडुंग, वर निन्यो, कोपऱ्यात एकटा मालक. तिनं फाइल बंद करून उघडली. पुन्हा उघडली. काही आलं नाही. सेवेरोनं मोठा श्वास सोडला, पत्रा छापून येईपर्यंत तिथेच बसला, आणि पाटी कागदात गुंडाळायलाही न लावता काखेत मारून देवळाकडे चालायला लागला. यारेली त्याच्या मागोमाग गेली. पाटी चढताना तिला बघायची होती.

देवळामागच्या खोलीत दुपारचं ऊन खिडकीतून भिंतीवर पडलं होतं. सेवेरोनं खिळा ठोकला, पाटी अडकवली, छातीवर क्रूस काढला. यारेली मात्र शेजारच्या पाट्यांकडे बघत होती. त्या तिच्याच होत्या.

परांची होती, खाली गवंडी नव्हता.

बैल शिंगं उगारून मोकळ्या मैदानाकडे बघत होता.

पुराच्या पाण्यात नुसतं पाणी.

एकाही पाटीत पडलेला माणूस राहिला नव्हता. त्या छापलेल्या होत्या, पत्र्यावर भाजलेल्या. त्यातून काही पुसणं टॅबलेटच्या बापाच्या हातात नव्हतं. सेवेरोचं तिकडे लक्ष गेलं नाही. त्यानं तिच्याकडे सरळ बघून मान हलवली, चला, एकदाचं सुटलं म्हणाला, आणि गाडीकडे गेला.  तिला ओरडून त्याला थांबवता आलं असतं. तिनं थांबवलं नाही.

चोनानं दुसऱ्या दिवशी सगळं तिखटमीठ लावून सांगितलं, पण बाकीच्यांनीही तेच सांगितलं म्हणून ते खरं धरायचं. सेवेरोची गाडी निवडुंगाच्या वळणावर कडेला उभी सापडली. इंजिन चालू. मालक स्टिअरिंगमागे बसलेला, डोळे उघडे, कधीचा गार झालेला. अंगावर साधा ओरखडा नाही. डॉक्टर हृदय म्हणाले. गाडीभोवतीच्या धुळीत मात्र पावलंच पावलं, जत्रा भरल्यासारखी, चारी बाजूंनी येऊन दारांपर्यंत भिडलेली. पोलीस म्हणाले वीस-पंचवीस माणसं असतील. मग त्यांतला एक जण खाली वाकला आणि म्हणाला, हे सगळे ठसे एकाच बुटाचे दिसतात, डाव्या टाचेला खाच आहे बघा.

ऐकून यारेली उठली आणि देवळात गेली. पाट्यांमध्ये सगळे परत आले होते. गवंडी परांचीखाली, गुराखी बैलासमोर, जिथल्या तिथे. तिनं एकाच्या बुटावर अंगठा फिरवला. अंगठ्याला पांढरी धूळ आली. वळणावर असते तशी.

सेवेरोच्या पाटीत गाडी होती, रस्ता होता. कोपऱ्यात गुडघे टेकलेलं कुणी नव्हतं.

आईला तिनं त्या रात्री जेवताना सगळं सांगितलं. मामाचंही. वाटलं होतं आई आकांत करेल. आईनं हात धुतले, कपाट उघडलं आणि तेलोचे जपून ठेवलेले नवे बूट काढले. सणाला घालायचे म्हणून त्यानं घेतले होते, पायात घालायची वेळच आली नाही. सकाळी तिनं ते देवळात नेले आणि निन्योच्या पायाशी, त्या इवल्या इवल्या जोडांच्या रांगेत ठेवले. मोठेच्या मोठे ते तिथे विचित्र दिसत होते.

‘‘एवढं चालतोय पोरगा,’’ आई म्हणाली. ‘‘जुन्याला खाच पडली होती.’’

रविवारी मामा जेवायला आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. मग एकदा दुपारी तो दुकानात आला, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. झोप येत नाही म्हणाला. भट्टीच्या भिंतीआड, गाडी उभी होती तिथे, कुणीतरी येरझारा घालतं. बघायला गेलं तर कुणी नसतं. रोज आवाज घराच्या जरा जवळ येतो. त्यानं यारेलीचा हात धरला. 

‘‘पोरी, तेवढं कर माझ्यासाठी. सगळ्या पाट्यांतून त्याला काढून टाक. मूळ आकृतीच पूस.’’

यारेलीनं हात सोडवून घेतला. बघते म्हणाली.

ती देवळात गेली. निन्योच्या पायाशी तेलोचे बूट होते तिथेच होते, पण थोडे तिरके. तिनं एक उचलून उलटा केला. नवाकोरा तळवा घासून गुळगुळीत झाला होता, आणि टाचेच्या कडेला माती वाळून बसली होती. लाल माती. प्लातेरोसची जमीन सगळी पांढरी. तसली लाल माती एकाच ठिकाणी, मामाच्या अंगणात, भट्टीच्या विटांचा भुगा पडतो तिथे.

तिनं माती झाडली नाही. सैल झालेल्या नाड्या ओढून नीट घट्ट बांधल्या, बूट दाराकडे तोंड करून ठेवले, आणि दुकान उघडायला परत गेली.